नाताळचा फराळ व मुलांचा प्रश्न

आधार : निर्गम १२:२६, २७ व नहेम्या ८:१०



प्रभूच्या जन्मोत्सवाचे दिवस जवळ येऊ लागले म्हणजे आपल्या मंडळ्यांत दोन ठिकाणी तयारी सुरू होते. मंदिरात गीतांचा सराव चालतो, भिंतींना चुना लागतो आणि तरुण मंडळी कामट्यांचा तारा बांधावयास बसतात. घरी परात खाली काढली जाते, मैदा चाळला जातो, वेलदोडे सोलले जातात, आणि शंकरपाळी, करंज्या व नानखटाई यांचा बेत ठरतो. ज्यांच्या गावाजवळ पावभट्टी आहे ते मैदा, तूप व पिठीसाखर मोजून डब्यांत घालून नेतात आणि आपली पाळी येईपर्यंत भट्टीच्या दारी बसून राहतात. सकाळचे पाव निघून भट्टीचा जोर ओसरला म्हणजे मग नानखटाईचे पत्रे आत जातात, कारण हा पदार्थ मंद आचेचा आहे. भर विस्तवात तो वरून जळतो व आत कच्चा राहतो. ज्यांच्या गावाजवळ भट्टी नाही त्या घरची माउली रव्याचा केक डब्यात घालून खाली निखारे व झाकणावर निखारे ठेवून भाजते, आणि तो भट्टीच्या केकापेक्षा काही कमी रुचकर होत नाही.

परंतु अलीकडे आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून एक खंत ऐकू येते. मुलगा बोईसरच्या कारखान्यात पाळीवर, दुसरा मुंबईस, मुलगी लग्न होऊन गुजराथेत, नातू आखातात. सूनबाई म्हणतात, सर्व विकत मिळते, मग इतका खटाटोप कशास? म्हातारीचे हात थकले, तिचे प्रमाण कोणी लिहून घेतले नाही, आणि ती गेली की घरची नानखटाईही तिच्याबरोबर जाणार. या खंतीचा विचार देवाच्या वचनाच्या प्रकाशात करावा असे मी योजिले आहे. कोणी म्हणेल, फराळाचा विषय उपदेशात कशास आणावा? पण ज्या शास्त्रात पीठ, तेल, खमीर व भाकर यांचे वर्णन पहिल्या पुस्तकापासून सुवार्तांपर्यंत ठिकठिकाणी आढळते, ते शास्त्र स्वयंपाकघरास परके मानीत नाही.

पहिली गोष्ट ही, की देवाच्या लोकांचा मोठा सण वाटेवर जन्मास आला. इस्राएल लोक मिसरातून निघाले तेव्हा कणीक फुगण्यास वेळ नव्हता. त्यांनी काथवटी कपड्यांत गुंडाळून खांद्यांवर घेतल्या, आणि पुढे मुक्कामावर त्याच कणकेच्या बेखमीर भाकरी भाजल्या. पुढील सर्व पिढ्यांनी जी भाकर सणाची म्हणून जपली, ती मुळात घाईने निघालेल्या, घर सोडलेल्या, बिऱ्हाड पाठीवर घेतलेल्या मजुरांची भाकर होती. म्हणून, बंधुभगिनींनो, घर दूर राहिले म्हणजे परंपरा तुटली असे समजू नका.

हे वचन विशेषतः आपल्या जिल्ह्यासाठी आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील कितीतरी कुटुंबे भाताची कापणी आटोपली व दिवाळी झाली की उचल घेऊन वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परत येतात. नाताळ त्यांना गावी भेटत नाही. तो त्यांना भट्टीवरच्या झोपडीत भेटतो. तेथे ना मंदिर, ना गायकवर्ग, ना पावभट्टी. विटा भाजणारी मोठी भट्टी समोर धुमसत असते, पण मुलांच्या हाती गोड काही नसते. अशा ठिकाणी जर एका आईने तांदळाच्या पिठात गूळ कालवून पानावर पसरले, दुसऱ्या पानाने झाकले व तव्यावर ती पानगी भाजून, “आज आपला तारणारा जन्मला,” असे लेकरांस सांगितले, तर त्या झोपडीत पूर्ण नाताळ झाला. तिच्या हाती मैदा नव्हता म्हणून तिचा सण उणा नाही.

शिवाय मैद्याचा अभिमान धरण्याचे आपणांस काही कारणही नाही. आपली ही किनारपट्टी भाताची. गहू येथला नव्हे. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून आला आणि ‘पाव’ हाही त्याच वाटेने आला; वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती हे सर्वांस ठाऊक आहे. नानखटाईतील ‘नान’ हा फारशी शब्द असून त्याचा अर्थ भाकर असाच आहे, आणि हा पदार्थ सुरतेच्या पारशी भट्ट्यांतून नावारूपास आला. वसईकडील आपले कॅथॉलिक बंधू जे कुलकुल करतात, ज्यासाठी मुले पिठाच्या लहान गोळ्या स्वच्छ फणीच्या पाठीवर दाबून वळतात, त्यांची रीतही समुद्रापलीकडच्या लोकांच्या सहवासात घडली. तेव्हा ज्याला आपण आज आजीची रीत म्हणतो ते एके काळी कोणाचे तरी नवे शिक्षण होते, आणि दूरवरून येऊनच ते आपले झाले. जे दुरून आले ते पुन्हा दूर जाऊ शकते. बोईसरच्या चाळीत, मुंबईच्या खोलीत किंवा आखातातील मजुरांच्या वसतिगृहातही ते जिवंत राहू शकते.

दुसरी गोष्ट, पुढच्या पिढीच्या हाती नेमके काय द्यावयाचे? येथे निर्गमातील वचन आपणांस मार्ग दाखविते. मोशेने सणाचे विधी सांगितले आणि लागलीच एक गोष्ट जोडली, की एके दिवशी तुमची मुले विचारतील, या सेवेचा अर्थ काय? आणि तेव्हा तुम्ही त्यांस उत्तर द्यावे, की परमेश्वराने आमच्या घरांस वाचविले त्याचे हे स्मरण आहे. विचार करा. देवाने पदार्थ ठरविला, दिवस ठरविला, आणि त्याबरोबर मुलाच्या प्रश्नाकरिताही जागा ठेविली. मुलाने प्रश्न विचारावा म्हणूनच जणू तो पदार्थ पुढे ठेविला. ज्या घरी नानखटाई आहे पण हा प्रश्न नाही व उत्तरही नाही, त्या घरची परंपरा भट्टी थंड होण्यापूर्वीच थंड झाली आहे. ज्या घरी उत्तर जिवंत आहे, त्या घरी पदार्थ विकतचा असला तरी फारसे बिघडले नाही.

आपले उत्तर काय आहे? पुष्कळांच्या घरचे उत्तर मोठे हृदयद्रावक आहे. १८९४ साली विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी व कुमारी बर्था रायन असे तिघे अमेरिकेहून निघाले आणि पुढे त्यांनी बलसाड येथे ब्रदरन मिशनचे काम सुरू केले. कालांतराने तेच काम डहाणू, वाडा, पालघर या आपल्या मराठी प्रदेशात आले. त्यांना येऊन थोडी वर्षे होतात तोच १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ पडला. त्या दुष्काळात अनाथ झालेल्या पुष्कळ लेकरांस पश्चिम हिंदुस्थानातील मिशनांनी आश्रय दिला. त्या लेकरांना आजी नव्हती. त्यांच्या घरची परात नव्हती, चूल नव्हती, प्रमाण सांगणारे कोणी नव्हते. तीच मुले मोठी झाली, त्यांचे संसार झाले, आणि ज्यांच्या बालपणी घरचा सण नव्हता त्यांनी आपल्या लेकरांसाठी सण उभा केला. आज ज्या वृद्धा ‘आमच्या घरची रीत’ म्हणून सांगतात, त्यांपैकी कित्येकींच्या घरची ती रीत अशा एखाद्या अनाथ मुलीच्या हातून सुरू झाली असेल. नातवंडांस हे सांगा. सांगा की आमचा वंश भुकेत संपावयाचा होता, पण परमेश्वराने आमच्या घरास वाचविले. म्हणून आम्ही हे गोड करतो.

त्याच मिशनाच्या मूळ मंडळीची गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. १७०८ साली जर्मनीतील श्वार्त्सेनाऊ गावी आठ माणसांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला, आणि तेथून ती मंडळी सुरू झाली. छळामुळे ते लोक परागंदा झाले, आणि १७१९ साली त्यांचा पहिला जथा समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियात पोहोचला. बरोबर धन नव्हते. पण प्रीतिभोजनाची रीत होती. एकमेकांचे पाय धुवावे, एकत्र जेवावे, व मग प्रभूची भाकर मोडावी, ही ती रीत. ती भाकर तेथील मंडळीतले सेवक व त्यांच्या घरची माणसे स्वतः करीत. बिनखमिराची कणीक लाटून, काट्याने टोचून, पट्ट्या आखून भाजीत, आणि ती पट्टी एकाने दुसऱ्याच्या हाती मोडून द्यावी असा नेम होता. घर सुटले, भाषा बदलली, देश बदलला, तरी ती रीत टिकली, कारण तिचा अर्थ प्रत्येक पिढीस सांगितला गेला. १९७० साली हे मिशन ज्या मंडळ्यांना जन्म देऊन गेले त्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त मंडळीत सामील झाल्या. नाव बदलले, परंतु पाय धुण्याचा व भाकर वाटण्याचा धडा कोणी विसरू नये.

पौल तीमथ्यास लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासाचे मूळ त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी दाखवितो. तीमथ्य मोठा सेवक झाला, प्रवास करीत दूर गेला. पण त्याच्या अंतःकरणात जे होते ते आजीच्या घरचे होते. आजीने ते कसे दिले असेल? प्रवचनाने थोडे, आणि चुलीपाशी, जात्यापाशी बसून पुष्कळ. आपल्या वृद्ध माता पीठ किती हे शेर-किलोत सांगत नाहीत. मुठीत व ओंजळीत सांगतात. “तूप किती?” असे विचारले तर म्हणतात, “पीठ मुठीत धरून दाबले असता मुटका वळला पाहिजे, इतके.” हे पुस्तकात पाहून साधत नाही, शेजारी बसून साधते. विश्वासाचेही तसेच आहे. दहा आज्ञा पाठ करवून घेता येतात, परंतु संकटात प्रार्थना कशी करावी हे मूल आईच्या शेजारी गुडघे टेकूनच शिकते.

तिसरी गोष्ट कठीण आहे, पण शास्त्र ती लपवीत नाही. यिर्मयाच्या सातव्या अध्यायात एका कुटुंबाचे चित्र आहे. मुले लाकडे गोळा करीत आहेत, बाप विस्तव पेटवीत आहेत, बायका कणीक मळीत आहेत, आणि पोळ्या भाजल्या जात आहेत. वरवर पाहता किती मनोहर देखावा! सारे घर एका कामात गुंतले आहे, लहानमोठे सर्व आहेत. परंतु देव त्यावर संतापला, कारण त्या पोळ्या आकाशराणी म्हणविणाऱ्या मूर्तीसाठी होत्या. आणि पुढे त्याच लोकांनी संदेष्ट्यास उलट बजाविले, की आमचे पूर्वज असेच करीत आले, म्हणून आम्हीही करणार. यावरून हे स्पष्ट होते, की केवळ जुनी म्हणून, केवळ सर्व घराची म्हणून, कोणतीही रीत पवित्र ठरत नाही. ती कोणासाठी केली हे पाहावे लागते.

आपल्या फराळात आकाशराणी नाही. पण दुसऱ्या मूर्ती शिरू शकतात. शेजारणीच्या ताटात पाच प्रकार, तर आपल्या ताटात सात असावेत म्हणून सावकाराकडून किंवा दुकानदाराकडून उधारी करणे, ही प्रतिष्ठेची मूर्ती आहे. मुकादमाची उचल नाताळातच संपवून पुढील सहा महिने मुलाबाळांस विटांच्या धुळीत ठेवणे हा सण नव्हे. हे मिसरास परत जाणे होय. आणि दिवसा केक वाटून रात्री ताडीच्या मडक्याभोवती बसणे, ही कोणाची सेवा आहे हे ज्याने त्याने ओळखावे.

याच वचनात बापांसाठी आणखी एक टोचणी आहे. मूर्तीसाठी पोळ्या करताना त्या घरचे बाप चुलीपाशी बसून विस्तव पेटवीत होते. आपल्या घरी, खऱ्या देवाच्या सणाच्या वेळी, कित्येक बाप ओट्यावर बसून चहाची वाट पाहतात! पाणी आणणे, सरपण फोडणे, मळणे, तळणे, वाटणे, सर्व एकीने करावे, मग शेवटी थकल्या डोळ्यांनी पहाटेच्या उपासनेस यावे, आणि आम्ही म्हणावे की आमची परंपरा फार जुनी आहे. सूनबाई विकतचा डबा आणते म्हणून जे कुरकुरतात, त्यांनी आधी परात धरून पाहावी. पुष्कळदा परंपरा आळसाने मरत नाही, तर एकाच माणसाच्या पाठीवर सर्व ओझे टाकल्याने मरते. चार हात लागले तर तीच परंपरा आणखी पिढ्या चालेल.

चौथी गोष्ट, वाटा. नहेम्याच्या काळी लोकांनी नियमशास्त्र ऐकले व ते रडू लागले. तेव्हा त्यांस सांगण्यात आले, की आज शोक करू नका. चांगलेचुंगले खा, गोड प्या, आणि ज्यांच्यासाठी काही तयार केलेले नाही त्यांस वाटे पाठवा. ‘ज्यांच्यासाठी काही तयार केलेले नाही’ हे शब्द मनात कोरून ठेवण्यासारखे आहेत. आपल्याकडे शेजाऱ्यांस, मग ते हिंदू असोत वा मुसलमान, नाताळचे ताट पाठविण्याची सुंदर चाल आहे, आणि दिवाळीत त्यांचे ताट आपल्याकडे येते. ही चाल सोडू नका. परंतु ताटाच्या बदल्यात ताट हा व्यवहार झाला. नहेम्याचा वाटा ज्याच्याकडून ताट परत येणार नाही त्याच्यासाठी आहे. सारफथच्या विधवेपाशी मूठभर पीठ व थोडे तेल होते, आणि एलीयाने तिला सांगितले, की आधी माझ्यासाठी लहानशी भाकर कर, मग आपल्यासाठी. तिने तसे केले, आणि मडक्यातील पीठ सरले नाही. म्हणून पहिला घाणा कोणाचा? ज्या म्हातारीचे कोणी येणार नाही तिचा, ज्या घरी यंदा मृत्यू झाला त्या घरचा, वीटभट्टीवरील लेकरांचा.

आता उपदेशक बंधूंस काही कामाच्या सूचना करतो. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी वृद्ध माता-भगिनींस भेटा आणि त्यांच्या घरातील एखाद्या शिकलेल्या मुलीस वही घेऊन त्यांच्यापाशी बसवा. वहीच्या डाव्या पानावर पदार्थाचे प्रमाण लिहावे. ओंजळीचे माप वाटीने मोजून घ्यावे. उजव्या पानावर त्या घराण्यात सुवार्ता प्रथम कोणाकडे आली, कोणत्या संकटातून देवाने तारले, हे आजीच्या शब्दांत लिहावे. दोन्ही पाने जोडीनेच राहावीत. घरातील पुरुषांस व मुलांस एक दिवस नेमून द्यावा, की त्या दिवशी सर्वांनी मिळून करावे. पाळीच्या नोकरीमुळे जो येऊ शकत नाही त्याच्या सुटीच्या दिवशी करावे. २०१३ पासून विरारच्या लोकलगाड्या डहाणूपर्यंत येतात. मुंबईकडील मुलांस एका दिवसासाठी येणे आता पूर्वीइतके कठीण नाही.

जे फार दूर आहेत त्यांस कोरडे पदार्थ पाठवावे. शंकरपाळी, कुलकुल व नानखटाई घट्ट डब्यात पुष्कळ दिवस टिकतात. ओल्या नारळाची करंजी दूर पाठवू नये, ती लवकर आंबते, पाठवावयाची तर सुक्या खोबऱ्याची करावी. डब्यात कागदाच्या तुकड्यावर आजीचे चार शब्द असावेत, आणि डबा पोहोचला की दूरध्वनीवर सर्वांनी एकत्र प्रार्थना करून मगच तो उघडावा. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची यादी करून मंडळीतल्या दोघातिघांनी नाताळाच्या आठवड्यात तेथे जाऊन यावे. सोबत थोडा फराळ, एक गीतपुस्तक व शुभवर्तमान न्यावे. मालकाची परवानगी आधी घ्यावी, म्हणजे मजुरांस त्रास होणार नाही.

शेवटी दोन प्रकारच्या घरांस दोन शब्द. ज्या घरी यंदा परातीपाशी बसणारे हात उरले नाहीत, त्या घरास मी म्हणतो, भिऊन परात बाजूस ठेवू नका. पहिल्या वर्षी बिघडेल, नानखटाई पसरेल किंवा करपेल, तरी करा. तिची आठवण म्हणून केलेली करपलेली नानखटाईदेखील मुलाच्या प्रश्नास वाट करून देते. आणि ज्या घरचा मुलगा केवळ दूर गेला असे नाही, तर देवालाही विसरला, पत्र नाही, फोन उचलीत नाही, त्या आईबापांस म्हणतो, त्याचा डबाही भरा व पाठवा. त्यात रागाची चिठ्ठी घालू नका. उधळ्या पुत्रास दूर देशी उपाशी असताना प्रथम काय आठवले? बापाच्या घरची भाकर. त्या आठवणीने तो उठला व घरी आला. तुमच्या डब्यातील वेलदोड्याच्या वासाने कोणाचे अंतःकरण कधी उठेल हे आपण सांगू शकत नाही. देव ते जाणतो.

बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर असा आहे. ज्या रात्री त्या गावात आपल्या प्रभूच्या आईस राहावयास जागा मिळाली नाही, त्याच रात्री जिवंत भाकर तेथे जगास दिली गेली, आणि ती गव्हाणीत, म्हणजे जेथे चारा ठेवितात तेथे, ठेविली गेली. हे तुमच्या लेकरांस सांगा, परात समोर असताना सांगा, आणि त्यांनी पुन्हा विचारले तर पुन्हा सांगा.

हे दयाळू बापा, आमच्या चुली, आमच्या भट्ट्या, आमचे मजुरीचे हात, सर्व तुझे आहे. जे दूर आहेत त्यांस तुझ्या घराची आठवण दे, जे जवळ आहेत त्यांस एकमेकांच्या ओझ्याची जाणीव दे, आणि आमच्या पुत्रपौत्रांनी प्रश्न विचारला असता खरे उत्तर देण्यास आमची तोंडे उघड. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.